१० नोव्हेंबर १८३० : बोरघाटात चाक फिरले

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने या दिवशी बोरघाटाचा गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. घाटाच्या पायथ्याला खोपोली, माथ्यावर खंडाळा. मधल्या उभ्या चढणीवर तोवर माल चढे तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवर आणि हमालांच्या खांद्यावर. वाट जुनीच होती. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आजही आहे. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पाणी हवे, हे त्यांनी ओळखले होते. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने लष्करासाठी ही वाट दुरुस्त करून घेतली, पण भरलेली बैलगाडी वर जाऊ लागली ती १८३० नंतरच. कोकण आणि देश यांमधली भिंत या रस्त्याने पाडली, असा माल्कमचा दावा होता आणि तो खराच म्हणावा लागेल.

याच काळात आपल्या वर्धा-वऱ्हाडकडचा कापूस मात्र बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जात होता. पावसात भिजलेल्या, धुळीने माखलेल्या त्या कापसाला भाव काय मिळणार! मुंबईची सरळ वाट आपल्याला मिळाली ती १८६० च्या दशकात, रेल्वे आल्यावर. चांगल्या वाटेवाचून मालाला मोल नसते, म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या सावंगी (मेघे) जवळून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाची गाडी दिसली की बोरघाटात दगड फोडणाऱ्या मजुरांचीही आठवण ठेवावी. गव्हर्नरच्या नावाइतकाच मान त्यांच्या घामाला आहे.