गोरेगावची पाणीवाली बाई

आजच्या भागात आपण मृणालताई गोरे यांची आठवण काढणार आहोत. त्या आमदार झाल्या, खासदार झाल्या, पण लोकांनी त्यांना जे नाव दिलं ते होतं 'पाणीवाली बाई'. हे नाव त्यांना कसं मिळालं, आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, ते आज बघू.

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरच्या त्या मोहिले. हुशार होत्या, डॉक्टरकीचं शिक्षण घेत होत्या. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात त्या इतक्या गुंतल्या की ते शिक्षण त्यांनी सोडून दिलं. 1948 मध्ये केशव गोरे या समाजवादी कार्यकर्त्याशी त्यांचं लग्न झालं. सगळे त्यांना बंडू गोरे म्हणत. दोघांनी संसार मांडला गोरेगावात. हे गोरेगाव रायगडातलं नाही बरं का, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरी आणि मालाड यांच्या मधलं.

आज तिथे उंच इमारती दिसतात. पण 1957 पर्यंत गोरेगाव मुंबई महापालिकेत नव्हतं. तिथे ग्रामपंचायत होती, आपल्या गावात असते तशीच. त्या ग्रामपंचायतीवर मृणालताई निवडून आल्या. तेव्हा आजच्यासारख्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव नव्हत्या. म्हणजे दिल्लीपर्यंत गेलेल्या या बाईंची सुरुवात ग्रामपंचायतीतून झाली. त्याच काळात गोरेगावात त्यांनी कुटुंबनियोजनाचं कामही केलं. त्या दिवसांत या विषयावर बायका आपसातसुद्धा मोकळेपणी बोलत नसत.

1958 मध्ये बंडू गोरे वारले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, आणि पदरात लहान मुलगी. अशा वेळी बाईने घरात बसावं, असंच चारचौघांचं म्हणणं असायचं. त्या बसल्या नाहीत. पतीच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला, तो आजही काम करतो. अडचणीत सापडलेल्या बायकांसाठी चालणारं 'स्वाधार' केंद्र याच ट्रस्टचं.

1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या. उपनगरात वस्ती भराभर वाढत होती. कारखाने आले, चाळी आल्या, झोपड्या आल्या, पण नळाला पाणी नव्हतं. शहराच्या दक्षिणेला पाणी आधी आणि मुबलक, उपनगराच्या वाट्याला उरलंसुरलं. हंडा घेऊन रांगेत कोण उभं राहायचं? बाईच. मृणालताईंनी या बायकांना एकत्र केलं आणि रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर मोर्चे नेले. एकदा मोर्चा काढून त्या थांबल्या नाहीत. पाणी येईपर्यंत सभागृहात प्रश्न विचारायचे आणि बाहेर बायकांना घेऊन उभं राहायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यातून त्या पाणीवाली बाई झाल्या.

1972 मध्ये त्या आमदार झाल्या. ते दुष्काळाचं साल, तुमच्यातल्या थोरल्या बायकांना ते आठवत असेल. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळंच महाग आणि दुकानात मिळेनासं. तेव्हा मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरोधी समिती उभी केली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, पण चुलीचा प्रश्न एक. कधी मोर्चात न गेलेल्या हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. तो लाटणे मोर्चा पुढे महाराष्ट्रभर गाजला.

1975 मध्ये आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या, पण काही महिन्यांनी पकडल्या गेल्या. काही काळ त्यांना अकोल्याच्या तुरुंगात इतर राजकीय कैद्यांपासून वेगळं ठेवलं होतं. 1977 मध्ये निवडणूक झाली. मृणालताई उत्तर मुंबईतून खासदार झाल्या, अहिल्याताईही मुंबईतूनच निवडून आल्या, आणि रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या. तेव्हाची घोषणा होती, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात."

दिल्लीहून आल्यावर त्या पुन्हा गोरेगावच्या प्रश्नांना लागल्या. आता प्रश्न होता घराचा. बाबुराव सामंत आणि इतर साथींबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषदेचं काम उभं केलं. सरकारी जमिनीवर साध्या कमाईच्या माणसांना परवडतील अशी घरं मिळावीत, ही मागणी. ती मान्य व्हायला वर्षं गेली. शेवटी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सुमारे सहा हजार घरं उभी राहिली.

1985 मध्ये त्या पुन्हा आमदार झाल्या, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही. गर्भातच मुलगी आहे की मुलगा हे तपासून मुलगी पाडण्याचा प्रकार तेव्हा वाढला होता. महिला संघटना बाहेर लढत होत्या, मृणालताईंनी तो प्रश्न सभागृहात लावून धरला. 1988 मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला, आणि असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. सगळ्या देशासाठी कायदा 1994 मध्ये झाला.

17 जुलै 2012 रोजी, 84 व्या वर्षी, त्या गेल्या. गोरेगावात एका उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे.

आता एक गोष्ट आपण खेड्यातल्या बायकांनी नीट बघायला हवी. गोरेगावच्या नळाला जे पाणी येतं, ते येतं कुठून? तानसा, मोडकसागर, भातसा या धरणांतून. तानसा 1892 चं, मोडकसागर 1957 चं. ही धरणं शहापूर, मोखाड्याच्या परिसरातली. तिथून मोठमोठ्या जलवाहिन्या मुंबईला जातात, आणि त्याच तालुक्यांत कितीतरी पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मृणालताईंनी उपनगराला त्याच्या वाटणीचं पाणी मागितलं, ते रास्तच होतं. पण शहापूर-मोखाड्याच्या बाईचा हंडा अजून रिकामा आहे. म्हणजे पाणीवाल्या बाईचं काम गोरेगावात सुरू झालं, ते तिथेच संपलेलं नाही.

ते पुढे न्यायला आपल्याकडे आज काही साधनं आहेत. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. तुमच्या गावात ती खरंच होते, की नुसत्या वहीत सह्या होतात? पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं एक विचारा. गावच्या पाणीयोजनेवर किती पैसे आले, किती खर्च झाले, नळ कुणाकडे आला आणि कुणाकडे नाही, हे महिला सभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा.

मृणालताईंनी आयुष्यभर हेच केलं. पाणी, तेल, घर, मुलीचा जन्म, हे सगळे प्रश्न लोक बायकांचे घरगुती प्रश्न समजत होते. ते सगळ्या गावाचे, सगळ्या राज्याचे प्रश्न आहेत, हे त्यांनी सभागृहाला ऐकवलं. आपल्या महिला सभेतही ते ऐकवता येईल.