टर्कीची त्वचा आणि पिसे : आजार कसा ओळखावा?

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेतील पक्षी. भारतात तो मांसासाठी पाळला जातो. गावरान कोंबड्यांसोबत परसात चार-दोन टर्की ठेवणारेही आहेत. मात्र कोंबडीच्या सवयीने टर्कीकडे पाहिले, तर निरोगी पक्षी आजारी वाटतो आणि खरा आजार नजरेतून सुटतो. हा फरक बहुतेक वेळा त्वचा आणि पिसे पाहून कळतो.

काय नैसर्गिक आहे?

टर्कीच्या डोक्यावर आणि मानेवर पिसे नसतात. तेथील कातडी गाठीगाठींची असते. चोचीच्या वरून एक मांसल सोंड लोंबते. नर चिडला किंवा फुलून आला की डोक्याचा रंग लाल, पांढरा, निळा असा बदलतो. नराच्या छातीवरचा केसांचा झुपका म्हणजे बदललेली पिसेच असतात. मोठे पक्षी ठरावीक काळाने जुनी पिसे टाकतात. त्या वेळी दोन्ही बाजूंची पिसे सारखी गळतात, खाली नवी पिसे फुटलेली दिसतात आणि कातडी स्वच्छ असते. यांपैकी कशालाच औषध लागत नाही.

देवी

डोके, पापण्या आणि सोंडेवर आधी बारीक फोड, मग चामखिळीसारख्या काळपट खपल्या दिसल्या, तर देवीची शंका घ्यावी. हा विषाणूजन्य आजार डासांमुळे आणि जखमांतून पसरतो. मुक्ताईनगर परिसरात तापी-पूर्णेचा संगम आणि हतनूर धरणाचे पाणी जवळ आहे. अशा भागात पावसाळ्यात आणि त्यानंतर डासांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काही पक्ष्यांच्या तोंडात आणि घशात पिवळसर थर धरतो. श्वास अडकत असल्याने हा प्रकार अधिक घातक ठरतो.

विषाणूवर थेट औषध नाही, लस आहे. कोंबडीला ती पंखाच्या पडद्यात टोचतात. टर्की मात्र झोपताना डोके पंखाखाली घेते. पंखावर लसीची खपली धरली, तर तिचा संसर्ग डोक्याला होऊ शकतो. म्हणून टर्कीला मांडीच्या कातडीत टोचणे चांगले. साधारण ७ ते १० दिवसांनी टोचलेल्या जागी सूज किंवा खपली दिसली, तर लस लागू पडली असे समजतात.

उवा, माइट आणि गोचीड

पक्षी सतत चोचीने अंग खाजवत असेल, तर गुदद्वाराभोवती आणि पंखाखाली पिसे फुंकून पाहावे. पिसांच्या बुडाशी पांढऱ्या अंड्यांचे पुंजके दिसले, तर त्या उवा. लाल माइट आणि गोचीड दिवसा भिंतीच्या आणि लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. त्यामुळे रात्री टॉर्च लावून खुराडे तपासावे. या किडी उपाशी राहूनही अनेक महिने जगतात. केवळ पक्ष्यावर औषध मारून भागत नाही, फटीही साफ करून बुजवाव्या लागतात. अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते, म्हणून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने साधारण दोन आठवड्यांनी उपचार पुन्हा करतात.

केळी किंवा कपाशीवर फवारायचे कीटकनाशक पक्ष्यांच्या अंगावर कधीही लावू नये. त्याने पक्षी मरू शकतात, शिवाय औषधाचा अंश मांसात आणि अंड्यांत उतरतो.

एकमेकांना टोचणे

पाठ आणि शेपटीची पिसे तुटलेली असतील, कातडी रक्ताळलेली असेल, तर कारण अनेकदा पक्षीच असतात. गर्दी, प्रखर उजेड, अपुरी भांडी, खाद्यातील प्रथिने किंवा मीठ कमी असणे यांमुळे टोचण्याची सवय लागते. टर्कीच्या लहान पिल्लांना सुरुवातीच्या आठवड्यांत सुमारे २८ टक्के प्रथिनांचे खाद्य लागते. कोंबडीच्या पिल्लांचे नेहमीचे खाद्य त्यांना कमी पडते, पिसे विरळ आणि खडबडीत येतात. जखमी पक्षी लगेच वेगळा करावा, कारण रक्ताच्या रंगाने इतर पक्षी अधिक टोचतात.

तळपायाच्या आणि छातीच्या जखमा

टर्की वजनदार असते आणि तिचे तळपाय ओल्या गादीला फार संवेदनशील असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ गेला की पक्षी पाण्याच्या भांड्यांभोवती जमतात, पाणी सांडते आणि तूस भिजते. त्यातून अमोनिया सुटतो, तळपायाला काळे डाग आणि मग व्रण पडतात. पक्षी लंगडतो, बसून राहतो आणि छातीवरही फोड येतात. उपाय सोपा आहे : भिजलेले तूस रोज काढणे, गादी उलटणे आणि शेडमध्ये वारा खेळता ठेवणे.

वाढत्या टर्कीत छाती किंवा मांडीची कातडी सुजली, दाबल्यावर खाली वायू कुरकुरल्यासारखा वाटला आणि पक्षी अचानक मरू लागले, तर तो जिवाणूंचा गंभीर संसर्ग असू शकतो. येथे घरगुती उपाय चालत नाहीत.

‘काळे डोके’ हे फसवे नाव

‘ब्लॅकहेड’ या आजारात डोके काळे पडेलच असे नाही. तो आतडे आणि यकृताचा आजार आहे. पिवळीधमक विष्ठा ही त्याची जास्त खात्रीची खूण. कोंबड्यांच्या आतड्यातील जंतांच्या अंड्यांतून तो टर्कीत येतो. कोंबडी अनेकदा धडधाकट दिसते, टर्की मात्र मरते. म्हणून दोन्ही एकत्र पाळू नयेत.

कधी थांबू नये?

डोके सुजणे, निळे-जांभळे पडणे, पायांवर रक्ताळलेले डाग आणि एकाच वेळी अनेक पक्ष्यांचा मृत्यू ही बर्ड फ्लूचीही लक्षणे असू शकतात. खानदेशाने हा अनुभव घेतला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला. मुक्ताईनगरपासून फार दूर नसलेल्या सावद्याचाही त्यात समावेश होता.

अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलू नये, कापू नये, नदी-नाल्यात टाकू नये आणि उरलेले पक्षी घाईने विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. नमुने कसे घ्यायचे आणि कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचे, हे पशुवैद्यक ठरवतात. कळवायला झालेला उशीर शेजारच्या खुराड्यांनाही महाग पडतो.