चौथी सीट

आमच्या शहरात जमिनीखालून आधी पाणी धावलं. १६१० साली मलिक अंबरनं खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. डोंगराकडचं पाणी त्यानं जमिनीच्या पोटातून शहरात आणलं. वाटेत हवा कोंडू नये, दाब सुटावा म्हणून ठिकठिकाणी मनोरे बांधले. नहर-ए-अंबरीचे हे पडके मनोरे दाखवताना अब्बा आम्हा पोरांना सांगायचे, "जमिनीखालून काही न्यायचं असेल तर आधी त्याच्या श्वासाची सोय करावी लागते."

अब्बांचं हे वाक्य मला नहरीपाशी कमी आणि मुंबईच्या लोकलमध्ये जास्त आठवलं. आज बोलायचंय ते त्या लोकलबद्दल, आणि आता मुंबईच्या पोटातून धावू लागलेल्या मेट्रोबद्दल.

मी पहिल्यांदा मुंबईला गेलो तो १९८८ साली. हैदराबादहून मनमाडला येणारी निजामाच्या काळातली मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली होती आणि माझ्या तरुणपणापर्यंत तशीच होती. मुंबईला जायचं म्हणजे छोट्या लाईनीच्या गाडीनं मनमाड गाठायचं, बोचकं डोक्यावर घेऊन फलाट बदलायचा आणि मोठ्या लाईनीच्या गाडीत घुसायचं. नव्वदच्या दशकात रुळांची रुंदी बदलली आणि मनमाडची ती धावपळ संपली.

दादरला मामू घ्यायला आले होते. ते शिंपीकाम करायचे. राहायला कुर्ल्याला, दुकान मस्जिद बंदरला. लोकल फलाटाला लागायच्या आधी त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "बेटा, गाडी थांबायच्या आधी चढायचं नाही. आणि थांबल्यावर विचार करायचा नाही." गाडी थांबते वीस-तीस सेकंद. विचार करणारा फलाटावरच राहतो, हे मी पुढच्या आठ दिवसांत शिकलो.

ही घाई आली कुठून, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा घाई कुणालाच नव्हती. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी. लोक गाडी बघायला आले होते. १८६७ साली विरारहून मुंबईला रोज येणारी-जाणारी एक गाडी सुरू झाली आणि उपनगरी प्रवासाला तोंड फुटलं. दिवसाला एक गाडी! आज ती चुकली तर उद्या.

पण मुंबईचा नकाशाच असा, की दक्षिणेकडे निमुळतं होत गेलेलं टोक आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. कचेऱ्या, गोदी, बाजार त्या टोकाला. माणसं मात्र उत्तरेला सरकत गेली, कारण जागा तिकडेच होती. म्हणून सकाळी सगळं शहर एका दिशेला जातं आणि संध्याकाळी उलट. गर्दीचं मूळ या नकाशात आहे.

वाफेचं इंजिन या कामाला अपुरं पडू लागलं. स्टेशनं जवळजवळ. गाडीनं वेग घ्यावा तोवर पुढचं स्टेशन यायचं. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, त्यात वेळ जायचा. यावर तोडगा निघाला ३ फेब्रुवारी १९२५ ला. त्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन होती, म्हणजे गाडी फिरवायची गरजच उरली नाही. मोटरमननं एका टोकाहून उतरावं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्यानं बसावं आणि गाडी निघावी. १९२८ साली पश्चिमेच्या मार्गावरही वीज आली. रेल्वे कुलाब्यापर्यंत जायची, ते कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं आणि चर्चगेट हेच टोक ठरलं.

वीज आली, गाड्या वाढल्या आणि माणसं त्याहून वाढली. आज या लोकलनं दिवसाला सुमारे ७५ लाख लोक प्रवास करतात. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी राहण्याच्या अवस्थेला रेल्वेच्या कागदांत खास नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. घरी गेल्यावर एक चौरस मीटर जागा खडूनं आखून बघा. चौदा माणसं उभी करू नका, चौदा घागरी ठेवून बघा. ठेवता येतील, पण मग त्यांना हलवता येणार नाही.

इतक्या गर्दीला नियम लागतात, आणि इथले बरेचसे नियम प्रवाशांनीच केलेले आहेत. दारात शिरताच पुढच्याला विचारायचं, "दादर?" त्यानं मान हलवली तर त्याच्या मागं राहायचं, नाही हलवली तर जागा बदलायची. उतरण्याची रांग अशी दोन स्टेशनं आधीच लागते. संध्याकाळी मामू मस्जिदहून थेट कुर्ल्याची गाडी पकडत नसत. आधी उलटं एक स्टेशन व्हीटीला जायचं आणि तीच गाडी परत निघताना बसून यायचं. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. गार्डनं दोन घंटा दिल्या की गाडी सुटणार, हे गर्दीत डोळे मिटून उभ्या असलेल्यालाही कळतं. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, घंटा मात्र दोनच.

दादरची गंमत तर अशी, की तिथं पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे शेजारी-शेजारी आणि दोघींचे फलाट एकपासून सुरू व्हायचे. म्हणजे 'एक नंबरवर भेटू' असं ठरवून दोन माणसं एकाच स्टेशनात तासभर एकमेकांची वाट बघू शकायची. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून मोजायला लागले, तेव्हा कुठं हे कोडं सुटलं.

आणि या सगळ्या नियमांचा राजा म्हणजे चौथी सीट. सेकंड क्लासचा बाक तिघांचा. पण तिघं बसलेले असताना चौथा येऊन उभा राहतो आणि बोटानं, कधी नुसत्या नजरेनं खूण करतो. तिघं सरकतात. चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत. एक पाय वाटेत रोवून तो बसतो. खिडकीतला उतरला की सगळे एकेक घर पुढं जातात आणि चौथा तिसरा होतो. याचं तिकीट नाही, रेल्वेच्या कुठल्या कलमात ते लिहिलेलं नाही. तरी ते कुणी मोडत नाही. मी कविता लिहायला लागलो तेव्हा मराठीत आपली जागा कुठली, असा प्रश्न मला काही जण विचारत. मी सांगायचो, चौथी सीट. थोडा वेळ अर्धं बसावं लागतं, इतकंच.

आता अडचणींकडे येऊ, कारण नुसतं कौतुक करणं बरं नाही.

पहिली अडचण पाणी. रुळांतून वाहणाऱ्या सौम्य विजेवर सिग्नलला कळतं, की पुढं गाडी आहे की नाही. रूळ बुडाले की ही व्यवस्था गोंधळते आणि सुरक्षिततेसाठी सिग्नल लाल होतो. मोटारी डब्यांच्या खाली असतात, त्यांनाही पाणी सोसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सगळी लोकल ठप्प झाली. लाखो माणसं रूळ आणि रस्ते तुडवत घरी गेली.

दुसरी अडचण वेळ. रात्री शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत जेमतेम तीन तास. तेवढ्यात रूळ, तारा, सिग्नल किती दुरुस्त करणार? म्हणून रविवारी मेगाब्लॉक. मुंबईकर आधी मेगाब्लॉकची बातमी वाचतो आणि मग पाहुण्याला होकार कळवतो. १९२५ पासूनची १५०० व्होल्टची वीज वाढत्या गाड्यांना पुरेना, तेव्हा २०१२ ते २०१६ च्या दरम्यान सगळे मार्ग टप्प्याटप्प्यानं २५ हजार व्होल्टवर आणले. हे काम धावत्या गाड्या सांभाळूनच करावं लागलं. त्या वर्षांत जुनी वीज संपून नवी सुरू व्हायच्या जागी डब्यातले दिवे-पंखे काही क्षण बंद पडायचे. नवखा दचकायचा, रोजचा प्रवासी जांभई द्यायचा.

तिसरी अडचण बायकांची. त्यांच्यासाठी डबे वेगळे होते, पण ते पुरत नव्हते. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली संपूर्ण महिलांची लोकल निघाली. एक अख्खी गाडी बायकांची व्हायला १८६७ पासून सव्वाशे वर्षं लागली.

आणि चौथी अडचण गाडीबाहेरची. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर पाऊस आणि चेंगराचेंगरी यांत २३ माणसं गेली. गाड्या वाढल्या होत्या, जिना तेवढाच होता. पुढच्या वर्षी या स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं.

यात एक दिवस मला वेगळा सांगायचाय. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं मेली. मामू तोवर मुंब्र्याला राहायला गेले होते आणि मध्य रेल्वेनं यायचे-जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराशी चप्पल घालून उभे राहिले आणि परत आत आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मामीला म्हणाले, "आज गाडीत माझ्याकडं कसं बघतील गं?" पण दुकान उघडायचं होतं. ते गेले.

त्यांचा रोजचा डबा ठरलेला आणि सोबतही ठरलेली. एक बँकेतले कारकून, एक पोस्टातले, एक भाजीवाले, भजन म्हणणारे दोघं. त्या दिवशी भजन नव्हतं. कुणीच बोलत नव्हतं. मामू वाटेत उभे राहिले, त्यांनी खूण केली नाही. बँकेतल्या काकांनी वर बघितलं, सरकले, त्यांच्याबरोबर बाकीचे दोघं सरकले. काका एवढंच म्हणाले, "बसा मियाँ, उशीर केलात आज." मामू मुंब्र्यापासून मस्जिदपर्यंत अर्धे बाकावर, अर्धे हवेत बसून गेले. हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! प्रत्येक वेळी शेवटी ते उजवा हात बाकावर ठेवल्यासारखा करायचे आणि दाखवायचे, एवढी जागा होती.

म्हणून मला लोकलचं प्रेम आहे. पण त्याच मुंब्र्यानं मला एक गोष्ट बजावलीय. ९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून गेल्या. दारात लोंबकळणारी माणसं खाली पडली, किमान चार जण मेले. घरातून डबा घेऊन निघालेली माणसं. 'मुंबईचं स्पिरिट' असं म्हणून यावर पांघरूण घालणं मला पाप वाटतं. सरकता येण्यालाही हद्द असते.

त्यानंतर आपोआप बंद होणारी दारं साध्या लोकललाही लावायचं जाहीर झालं. लगेच प्रश्न आला, दारं लावली तर हवा कुठून येणार? वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावतेय, पण तिची गोष्ट वेगळी. साध्या डब्यासाठी दारांना झडपा आणि छतातून हवा घेण्याची यंत्रणा, असा मार्ग सुचवला गेला. मला अब्बांचे मनोरे आठवले. लंडनमध्ये १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे निघाली तीही वाफेच्या इंजिनांवर, आणि धूर बाहेर सोडायला वाटेत भोकं ठेवावी लागली. सगळीकडे प्रश्न श्वासाचाच.

आपल्या देशात भुयारी मेट्रो आधी कोलकात्यात आली, १९८४ साली. मुंबईची आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ अशी तीन टप्प्यांत सुरू झाली. तिच्याही अडचणी आहेतच. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. ते स्टेशन सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. भुयारात मोबाईलला नेटवर्क मिळत नाही ही प्रवाशांची तक्रार होती. पण दारं बंद होतात, फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे, कुणी पडत नाही. माझ्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे.

मी त्या मेट्रोत बसून आलो आणि मामूंना भेटायला मुंब्र्याला गेलो. आता त्यांना घराबाहेर पडवत नाही. त्यांनी सगळं बारकाईनं विचारलं. गार वारा येतो का, घंटा देतात का, दादर लागतं का. मग म्हणाले, "बाक कितीजणांचा?"

"भिंतीला लागून लांब बाक आहे, मामू. सगळे समोरासमोर."

"मग कुणी आलं तर सरकायचं कसं?"

मी सांगितलं, की सिद्धिविनायकला एक बाई कडेवर मूल घेऊन चढली, तेव्हा मी सवयीनं सरकलो. शेजारचा मुलगा कानात गाणी लावून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्याला आधी कळलं नाही. मग तोही सरकला.

"बसली का ती?" मामूंनी विचारलं.

"बसली."

"पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हणालो. मामूंनी उशीवर मान टेकवली आणि मामीला चहा टाकायला सांगितलं.