माथ्यावर न गेलेला वाटाड्या

ऑगस्ट १८७०. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन प्रदेशात, बर्फाने मढलेल्या एका ज्वालामुखीच्या अंगावर स्लुइस्किन नावाचा याकामा जमातीचा माणूस दोन गोऱ्यांची मनधरणी करत होता. हझार्ड स्टीव्हन्स आणि फिलेमन व्हॅन ट्रम्प यांना त्याने हिमरेषेपर्यंत आणून सोडले होते. तिथून पुढे जाऊ नका, एवढेच त्याचे मागणे होते. वरचे कडे, बर्फातल्या भेगा, कोसळणारे दगड, माणसाला उडवून लावणारा वारा, रात्रीची जीवघेणी थंडी आणि शेवटी माथ्यावरच्या आगीच्या तळ्यात राहणारा दुष्ट आत्मा, असा एकेक धोका त्याने सांगितला. दोघे ऐकेनात, तेव्हा त्याने एक चिठ्ठी मागितली. हे मेले तर दोष आपल्यावर येऊ नये, म्हणून गोऱ्यांना दाखवायला लेखी पुरावा.

पुढे अनेकांनी स्लुइस्किनला भाबडा, अंधश्रद्ध ठरवले. तो अन्याय आहे. १७ ऑगस्टला स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प दिवसभरात परतण्याच्या हिशेबाने कोट आणि कांबळी खालीच ठेवून निघाले. वाटेत जिब्राल्टर नावाच्या कड्यावरून दगड सुटत होते. माथ्याला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि वाऱ्यात उभे राहणे कठीण होऊन बसले. जीव वाचला तो ज्वालामुखीच्या मुखातून येणाऱ्या वाफेमुळे. त्या वाफेने कोरलेल्या बर्फाच्या गुहेत, एक अंग भाजत आणि दुसरे गारठत, त्यांनी रात्र काढली. डोंगराच्या पोटात आग आहे हे स्लुइस्किनच्या लोकांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी दोघे खाली आले, तेव्हा ही भुतेच असावीत असे त्याला आधी वाटले. ओळख पटल्यावर मात्र त्याने त्यांचे मनापासून कौतुक केले.

त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, लेफ्टनंट ऑगस्ट काउट्झ याने निस्क्वाली जमातीच्या वापोवेटीला वाट दाखवायला सोबत घेतले होते. काउट्झ माथ्याच्या बराच जवळ पोहोचला. वापोवेटीचे डोळे बर्फाच्या लखलखाटाने काही काळ निकामी झाले. या डोंगरावरच्या वाटाड्यांचा इतिहास लिहायला घेतला, की पहिली नावे वापोवेटी आणि स्लुइस्किन यांची यायला हवीत.

हा डोंगर म्हणजे माउंट रेनियर. उंची १४,४१० फूट, अंगावर पंचवीसच्या वर हिमनद्या. स्थानिक जमाती त्याला ताहोमा किंवा ताकोमा म्हणत. १७९२ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरने समुद्रातून तो पाहिला आणि पीटर रेनियर या आपल्या नौदलातल्या मित्राचे नाव देऊन टाकले. या रेनियरने डोंगर कधी पाहिलाच नाही. १७९४ पासून दहाएक वर्षे तो आपल्याकडच्या समुद्रांत ब्रिटिश आरमाराचा प्रमुख होता.

वाट दाखवण्याचा धंदा झाला तो लाँगमायर कुटुंबामुळे. जेम्स लाँगमायर १८८३ मध्ये स्वतः माथ्यावर जाऊन आला, परतीच्या वाटेवर त्याला खनिज पाण्याचे झरे सापडले आणि तिथे त्याने पाहुण्यांची सोय उभी केली. पाहुणे आले, की डोंगर चढवणारी माणसेही लागणारच. १८९० मध्ये फे फुलर ही येल्म गावची तरुण शिक्षिका माथ्यावर पोहोचणारी पहिली स्त्री ठरली. तिच्या गटात लेन लाँगमायर होता. पुढे तो पैसे घेऊन लोकांना वर नेऊ लागला. १८९७ मध्ये एडगर मॅक्क्लुअर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक वायुभारमापकाने उंची मोजून उतरताना कोसळले. या डोंगरावरचा हा पहिला नोंदलेला मृत्यू. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

१९१६ मध्ये रेनियर नॅशनल पार्क कंपनी निघाली, पुढच्या वर्षी डोंगरावरच्या पॅराडाइज या ठिकाणी हॉटेल उघडले आणि वाटाडे कंपनीचे नोकर झाले. नाल मारलेले बूट, काठी, कपडे सगळे भाड्याने मिळू लागले. मेण चोळलेल्या विजारी घालून पाहुणे उतारावरून बसल्या बसल्या घसरत जात. पहिल्या महायुद्धामुळे पुरुष कमी पडले आणि १९१८ मध्ये अल्मा वॅगन या गणिताच्या शिक्षिकेला वाटाड्याचे काम मिळाले. या उद्यानातली ती पहिली स्त्री मार्गदर्शक. स्वित्झर्लंडहून आलेल्या हान्स आणि हाइनी फ्युरर या भावांनी आल्प्सची शिस्त आणली. तरीही १९२९ च्या जुलैत एका मोहिमेत मार्गदर्शक फॉरेस्ट ग्रेटहाउस आणि एक गिर्यारोहक मरण पावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर सिअॅटलचे जिम आणि लू व्हिटकर हे जुळे भाऊ इथे मार्गदर्शक म्हणून काम करू लागले. एव्हरेस्टवर निघालेल्या अमेरिकन तुकडीने १९६२ मध्ये रेनियरवरच सराव केला आणि १ मे १९६३ रोजी जिम एव्हरेस्टवर पोहोचणारा पहिला अमेरिकन झाला. त्याच्यासोबत होता दार्जिलिंगचा नवांग गोम्बू. १९६५ मध्ये कोहली यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय मोहिमेतून गोम्बू पुन्हा एव्हरेस्टवर गेला. दोनदा तिथे पोहोचणारा तो पहिला माणूस. याच गोम्बूने नंतर अनेक उन्हाळे लूच्या कंपनीत रेनियरवर मार्गदर्शक म्हणून काम केले.

ही कंपनी, रेनियर माउंटनीअरिंग, १९६९ ची. अननुभवी माणसाला दोन दिवसांत माथ्यावर नेण्याची तिची पद्धत अगदी साध्या गोष्टींवर उभी आहे. वरच्या पायावर भार टाकण्याआधी मागचा गुडघा सरळ ताठ ठेवायचा. क्षणभर वजन हाडांवर येते आणि स्नायूला विसावा मिळतो. ओठ आवळून जोराने श्वास सोडायचा. दहा हजार फुटांवरच्या कॅम्प म्युइरमध्ये संध्याकाळीच झोपायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास दोर बांधून निघायचे, म्हणजे ऊन चढून बर्फ सैल होण्याआधी खाली परतता येते.

एवढे करूनही डोंगर डोंगरच राहतो. २१ जून १९८१ च्या पहाटे इंग्राहम हिमनदीवर एक तुकडी थांबली होती. पुढच्या उतारावर हिमलोटाचा धोका वाटत होता, म्हणून काही मार्गदर्शक पाहणी करायला पुढे गेले होते. तेवढ्यात वरचे प्रचंड हिमखंड कोसळले. दहा गिर्यारोहक आणि एक मार्गदर्शक गाडले गेले. त्यांचे देह आजही तिथेच आहेत. अमेरिकेतल्या गिर्यारोहणातली ही सर्वांत मोठी दुर्घटना. त्या दिवशी मार्गदर्शकांचे काय चुकले, असे अनेकदा विचारले जाते. ही माणसे सावधपणे थांबली असतानाच गाडली गेली, हे विचारणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

आज उद्यानाने तीन कंपन्यांना परवाने दिले आहेत. भेगांवर शिड्या टाकणे, दोर बांधणे, वितळत्या हिमनदीबरोबर वाट बदलत राहणे ही कामे त्यांचेच मार्गदर्शक करतात, आणि स्वतंत्रपणे चढणारेही त्याच वाटेने जातात. दरवर्षी साधारण दहा हजार माणसे चढाईला लागतात, त्यांतली निम्मी माथ्यावर पोहोचतात. मार्गदर्शकाने परत फिरा म्हटले, की भरलेल्या शुल्काचा विचार न करता फिरायचे, ही तिथली अट आहे, आणि ती योग्यच आहे.