चिऱ्यांच्या भिंती आणि छपरावरचे ऊन

सध्या आमच्या घरात एक वाद चाललाय. गावच्या जुन्या घराची कौले उतरवून स्लॅब घालू आणि वर सोलर बसवू, असे धाकट्या भावाचे म्हणणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान ठरले, तेव्हापासून त्याने हे डोक्यात घेतलेय.

सोलरला माझी हरकत नाही. हरकत आहे ती स्लॅबला.

१८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आपल्याकडच्या गोल नळ्यांची जागा हळूहळू त्या चपट्या कौलांनी घेतली. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. खाली चिऱ्यांच्या दीड-दोन फूट जाड भिंती. दुपारचे ऊन त्या पार करीपर्यंत संध्याकाळ होते. मधे राजांगण, पुढे सोपा आणि कित्येक घरांत खिडकीला काचेऐवजी शिंपले, म्हणजे उजेड आत नि रखरख बाहेर. पावसात भिंती भिजू नयेत म्हणून माडाची चुडते बांधत. 'इन्सुलेशन' हा शब्द आमच्या आजोबांनी कधी ऐकला नसेल!

सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये सैल झाले, १९८९ मध्ये पुरते उठले. परमिटाची खटपट संपली नि स्लॅब ही ऐपतीची खूण झाली. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत ऊब सोडत राहतो. मग एसी आला. आता उन्हापासून वीज करायची, ती उन्हानेच तापवलेली खोली थंड करायला!

असो. पॅनेल कौलांवरही चौकट घालून बसवता येते, फक्त वासे आधी सुताराला दाखवावे लागतात. चवथीला सगळे घरी जमतील, तेव्हा त्याला बोलावलेय.