साहेबाचे सोवळे

जेवायला बसण्यापूर्वी कपडे बदलायचे, ही रीत मराठी ब्राह्मणी घरांना नवी नव्हती. कचेरीतून आलेला माणूस अंगरखा खुंटीला अडकवी, हातपाय धुई, मुकटा किंवा कद नेसे, थंडीत धाबळी पांघरे, आणि मग पाटावर बसे. त्या वस्त्राला दुसऱ्याचा स्पर्श चालत नसे. पंगतीला कोण बसणार, पडवीत कोण आणि अंगणाबाहेर कोण, हे सारे त्या वस्त्राभोवती ठरत असे. विलायतेच्या बोटींविषयी वाचताना मला हे सोवळे वारंवार आठवू लागले, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोटीवरच्या जेवणघराच्या दाराशी जे चाले ते याच जातीचे होते. फरक इतकाच, की आपल्याकडे जेवताना अंगावरचे कपडे कमी होत आणि साहेबाचे वाढत.

आजकाल आपल्याकडची मंडळीही क्रूझवर जातात. आठ-दहा दिवसांच्या सफरीत एक-दोन रात्री 'फॉर्मल नाइट' असते आणि पुरुषांनी काय घालावे याची सूचना तिकिटाबरोबरच्या माहितीपत्रात येते. घरोघरी मग एकच प्रश्न विचारला जातो, सूट न्यावाच लागेल का? सूचना वाचून काही जण हसतात, काही बिचकतात. पण ती सूचना कोठून आली हे पाहू लागले तर वाट पुन्हा पुन्हा मुंबई बंदराला येऊन लागते, आणि म्हणूनच हा विषय मला कपड्यांच्या दुकानापुरता वाटत नाही.

इंग्रजीत एके काळी 'ड्रेस' हे क्रियापद एकटेच वापरत. 'आज आपण ड्रेस करणार का?' याचा अर्थ रात्रीच्या जेवणाचा पोशाख घालणार का, एवढाच. तो पोशाख म्हणजे मागे दोन शेपट्या असलेला काळा टेलकोट, खळ देऊन पत्र्यासारखा ताठ केलेला शर्ट, वेस्टकोट आणि गळ्याला पांढरा बो. शेपट्या छाटून आखूड केलेला कोट, ज्याला पुढे डिनर जॅकेट म्हणू लागले, तो प्रथम घरगुती सोय म्हणून आला. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीतल्या हेन्री पूल यांच्या पेढीने १८६५ मध्ये युवराज एडवर्डसाठी निळ्या रंगाचे एक आखूड जाकीट शिवले. सँड्रिंगहॅमच्या वाड्यात खाशा मित्रांबरोबर जेवताना ते घालायचे होते. पाहुण्यांसमोर नव्हे.

हाच युवराज १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर 'सेरापिस' बोटीने निघाला आणि ८ नोव्हेंबरला मुंबईत उतरला. काळा घोडा म्हणून मुंबईकर ज्याला ओळखतात तो पुतळा याच दौऱ्याची आठवण. बोटीवरच्या उकाड्यात रोज टेलकोट कोण घालणार? तेव्हा युवराजाने आपल्या लवाजम्याला जेवणाच्या वेळी आखूड गडद निळे जाकीट, काळी विजार आणि काळा बो अशी परवानगी दिली. अमेरिकेत टक्सिडो पार्क क्लबात हे जाकीट दिसले आणि त्या गावाचे नाव त्याला चिकटले, ही गोष्ट १८८६ ची. अमेरिकन लोक त्या गावाचा मोठा अभिमान बाळगतात, बाळगोत. पण समुद्रावरच्या जेवणाला हे जाकीट मुंबईच्या वाटेवर घातले गेले ते त्याआधी अकरा वर्षे.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर पी अँड ओ कंपनीच्या बोटी मुंबईहून थेट विलायतेला जाऊ लागल्या. त्यांवर जेवणाच्या पोशाखाचे एक पंचांगच तयार झाले. पहिल्या रात्री कोणी पोशाख करीत नसे, कारण ट्रंका अजून लागायच्या असत. शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असत, म्हणून तेव्हाही नाही. बोट बंदरात उभी असली तरी सूट असे. सामानावर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागत. 'प्रवासात नको' अशी चिठ्ठी लागलेली ट्रंक तळाच्या कोठारात जाई, आणि संध्याकाळचा पोशाख चुकून तिच्यात गेला की कोठार उघडण्याचा दिवस येईपर्यंत गृहस्थाची पंचाईत. अटलांटिकच्या बोटींवर जेवणाआधी तयारीसाठी बिगूल वाजवीत. 'टायटॅनिक'वर त्यासाठी 'रोस्ट बीफ ऑफ ओल्ड इंग्लंड' या गाण्याची चाल होती. जेवणाला बोलावण्यासाठी गोमांसाचे गाणे! आपल्या कोकण बोटीवर दशम्यांचे गाठोडे सोडून बसणाऱ्याला ही कल्पनाही करवली नसती. तिथे पोशाखाचा प्रश्न एवढाच, की पडावात उतरताना धोतर किती वर खोचावे.

तांबड्या समुद्रात मात्र साहेबाचे सोवळे घामाने भिजे. वारा बोटीच्या मागून त्याच वेगाने आला की डेकवर पानही हलत नसे. लोक खोल्या सोडून रात्री डेकवर निजत. (सावलीच्या बाजूची खोली मागणाऱ्या धनिकांच्या तिकिटांवर आद्याक्षरे छापीत आणि त्यांवरून 'पॉश' शब्द निघाला, ही गोष्ट फार गोड आहे, पण तसे छापलेले तिकीट कधी कोणाला सापडलेले नाही.) अशा हवेत वेस्टकोट घालणे म्हणजे शिक्षा. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी त्यावर आधीच तोड काढली होती. त्यांनी वेस्टकोट टाकला आणि कमरेला कापडाचा चुणीदार पट्टा गुंडाळला. आपला कमरबंद. मराठा सरदार शेला कसून त्यात कट्यार खोचत, तोच प्रकार कट्यारीवाचून. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात 'कमरबंड' हा शब्द रीतसर नोंदलेला आहे. पुढे तांबड्या समुद्राच्या नावाचा वेशच रूढ झाला. जाकीट काढून ठेवायचे, पांढरा शर्ट, काळी विजार आणि मध्ये कमरबंद. जगभरच्या दुकानांत डिनर जॅकेटबरोबर आज जो पट्टा विकतात तो हाच. त्याच्या चुण्या वरच्या अंगाला उघड्या ठेवायच्या असतात. त्यांत नाटकाची तिकिटे ठेवीत म्हणून, असे सांगतात. मला ते मागाहून जुळवलेले वाटते.

त्याच बोटीवर दुसरे एक मुंबईकर कापडही होते. डोंगरी भागाच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड इंग्रजीत 'डंगरी' झाले, आणि खलाशांच्या कामाच्या कपड्यांना तेच नाव पडले. म्हणजे वर कमरबंद आणि खाली डंगरी. दोन्ही शब्द आपल्या बाजूचे, पण मधल्या जिन्यावर चढउतार नाही.

त्या जिन्यावर पाय ठेवायची मुभा होती ती गोवेकरांना. पी अँड ओच्या बोटींवर जेवणघरातले नोकर बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती असत. गोमांस, डुकराचे मांस आणि दारू या तिन्ही गोष्टी हाताळायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, हे त्याचे व्यावहारिक कारण. नोकरी मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावांच्या कुडांमध्ये राहत. या लोकांच्या हातून साहेबाचे सोवळे उभे राही. खळीचे शर्ट, घासलेले काटे-चमचे, वेळेवर लागलेली टेबले, सारे त्यांचे. १९३० च्या दशकात उष्ण प्रदेशांसाठी पांढऱ्या डिनर जॅकेटची टूम निघाली तेव्हा मोठी गंमत झाली असणार, कारण वाढणाऱ्याच्या अंगातही पांढरेच जाकीट. ओळखायचे कसे? रेशमी कॉलरवरून आणि बोवरून, आणि खरे तर रंगावरून. कापडाच्या नव्हे.

या जेवणघराच्या दाराशी येऊन माघारी फिरलेल्या एकाची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' बोटीने मुंबईहून निघालेले मोहनदास गांधी अठरा वर्षांचे होते. काटा-सुरी धरता येत नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धाडस नाही, म्हणून ते टेबलावर गेलेच नाहीत. आपल्या खोलीत बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खात राहिले. बोटीवर काळा सूट वापरून पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडात तसे कपडे घातलेले ते एकटेच होते. मग लंडनमध्ये त्यांनी बाँड स्ट्रीटवर १० पौंड खर्चून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. आत्मकथेत ही हकीकत विनोदाने येते, पण त्या खोलीतल्या मिठाईच्या डब्यापाशी मी थांबतो. मुलाने समुद्र ओलांडू नये म्हणून जातीने त्याला बहिष्कृत केले होते. एका पंगतीतून उठवलेला हा मुलगा दुसऱ्या पंगतीत बसायला भीत होता. महाराष्ट्रातही काही वेगळे नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने केवढे वादळ उठवले, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले, हे वाचकांना माहीत आहे. विलायतेहून परतणाऱ्याला तर प्रायश्चित्त ठरलेलेच.

रानड्यांच्या नावाने एक वस्त्र आठवते. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले बोटीने दक्षिण आफ्रिकेला गेले. जोहान्सबर्गला त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. गोखल्यांजवळ खांद्यावर घेण्याचे एक उपरणे होते, महादेव गोविंद रानड्यांनी दिलेले, आणि ते खास प्रसंगीच बाहेर निघे. प्रवासात त्याला चुण्या पडल्या होत्या. धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधींनी म्हटले, मी इस्त्री करतो. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, डाग पडला तर काय, असे गोखल्यांनी सुनावले. गांधींनी हट्टाने इस्त्री केली आणि पसंतीची पावती मिळवली. मला या प्रसंगात मेजवानीच्या पोशाखाचा एक निराळाच विचार दिसतो. यजमान तिथलेच हिंदी लोक, जोहान्सबर्गसारखे वर्णभेदाचे शहर, आणि गोखल्यांना काळजी रानड्यांच्या उपरण्याला डाग लागू नये याची. औपचारिकपणा त्यांनी सोडला नाही. तो कोणाच्या कोशातला असावा हे मात्र स्वतः ठरवले.

पण याचा अर्थ सूट घालणारे सारे नकलाकार होते असा काढला तर तो अन्याय होईल. ४ ऑक्टोबर १९३० रोजी गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. आदल्याच वर्षी पाण्यावर आलेली ती पी अँड ओची डौलदार बोट. आंबेडकरांचा नीटस सूट हा त्यांच्या प्रतिमेचाच भाग आहे. गावच्या पंगतीजवळही ज्याला फिरकू दिले नसते, त्याने उपरणे मिरवावे असे सुचवणे सोपे आहे, पण उपरण्याच्या आठवणी सर्वांच्या सारख्या नसतात. कोणते कापड, किती आणि कसे घालावे हेसुद्धा ज्यांना गाव ठरवून देई, त्यांना शिंप्याकडे मापे देऊन शिवून घेतलेला कोट मोकळा वाटला असेल तर नवल नाही. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, गांधी 'राजपुताना' बोटीने त्याच परिषदेला निघाले, दुसऱ्या वर्गातून, पंचा नेसून. त्रेचाळीस वर्षांपूर्वी टेबलावर जायला धजत नसलेल्या माणसाला आता टेबलाची गरजच उरली नव्हती. त्याच नोव्हेंबरात ते तशाच वेशात बकिंगहॅम राजवाड्यात चहाला गेले. दोघांनीही साहेबाचे सोवळे मोडले. एकाने ते अंगावर घेऊन, दुसऱ्याने टाकून.

बोटींचा थाट तेव्हा कळसाला पोचत होता. १९३५ च्या फ्रेंच 'नॉर्मंडी' बोटीचे जेवणघर ३०५ फूट लांब होते आणि आत शिरताना जिन्याने खाली यावे लागे, म्हणजे आधी बसलेल्यांनी येणाऱ्याला नीट न्याहाळावे. पुरुष तिथे काळ्या-पांढऱ्या पार्श्वभूमीसारखे असत. मग विमाने आली आणि कुठे तरी पोचण्यासाठी बोटीत बसणे संपले. पोचायचे नाही, नुसते फिरायचे, अशा सफरींना थाट विकणे भाग होते, आणि रोजचा नियम हप्त्यातून एक-दोन रात्रींचा खेळ झाला. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये तोही सोडून दिला. क्युनार्डसारख्या कंपन्यांनी धरून ठेवला आहे.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर. क्युनार्डच्या 'गाला' रात्री पुरुषांना डिनर जॅकेट चालते, गडद सूट आणि टायही चालतो, आणि त्याबरोबर 'राष्ट्रीय पोशाख' असे शब्द आहेत. स्कॉट लोक घागऱ्यासारखा किल्ट घालून येतात. आपला काळा किंवा गडद निळा बंदगळा तिथे निःशंक जातो. त्याला बो नको, कमरबंद नको, गळ्याशी बटण लावले की झाले. माझे मत विचाराल तर भाड्याने आणलेल्या, खांद्यावर न बसणाऱ्या डिनर जॅकेटपेक्षा तो शंभर पटींनी बरा. धोतर, लांब कोट आणि उपरणे नेण्याची हौस असेल तर तेही राष्ट्रीय पोशाखातच बसते. फक्त आगीच्या भयाने प्रवाशांना खोलीत इस्त्री नेऊ देत नाहीत. बोटीवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. संध्याकाळी गर्दी होते, म्हणून उपरण्याच्या चुण्या दुपारीच काढून घ्याव्यात.