'टोपी' आणि 'टोपीकर' : शिरोवेष्टनवाचक शब्दांच्या अर्थांतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वस्त्रांची नावे वस्त्रांपुरती मर्यादित राहत नाहीत. विशेषतः मस्तकावर धारण केल्या जाणाऱ्या वस्त्राचे नाव कालांतराने ते धारण करणाऱ्या माणसाला, त्याच्या समूहाला आणि अखेरीस त्याच्या वर्तनालाही चिकटते. पुसद, महागाव, फुलसावंगी या परिसरात पांढरी टोपी, फेटा आणि बंजारा तांड्यांतील ज्येष्ठांचे पागोटे यांवरून माणसाची ओळख ठरविण्याची रीत परिचित आहे. हीच रीत भाषेत कशी उतरते, याचा 'टोपी' या शब्दाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. ज्या शब्दाने मराठी राजनीतीने एकेकाळी परकीयांना ओळखले, तोच शब्द पुढे परकीय सत्तेच्या विरोधकांची ओळख बनला, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

रोमान्स भाषांतील साधर्म्य :

लॅटिनपासून निघालेल्या भाषांत अशा अर्थांतराची उदाहरणे विपुल आहेत. उत्तरकालीन लॅटिनमधील 'काप्पा' म्हणजे डोके झाकणारा झगा. या शब्दाच्या कुळातून इटालियन 'काप्पेल्लो', फ्रेंच 'शापो' आणि पोर्तुगीज 'शापेऊ' हे टोपीवाचक शब्द आले. संत मार्टिन यांचा झगा जेथे जतन केला गेला, त्या स्थानाच्या नावावरून प्रार्थनागृहाला 'चॅपल' ही संज्ञा मिळाली. फ्रेंच 'शाप्रों' हे मुळात एका शिरोवेष्टनाचे नाव. पुढे तरुणीसोबत वावरणाऱ्या पोक्त स्त्रीला तो शब्द लागू झाला. वस्त्राकडून व्यक्तीकडे होणारा हा प्रवास येथे स्पष्टपणे दिसून येतो.

या शब्दकुळाचा आपल्या भूमीशी प्रत्यक्ष संबंध पोर्तुगीजांमुळे आला. गोव्याच्या कोकणीतील 'चेपें' हा हॅटवाचक शब्द 'शापेऊ'वरून आला असून त्यातील 'च' हा जुन्या पोर्तुगीज उच्चाराची साक्ष देतो. येथील नागाला पोर्तुगीजांनी 'कोब्रा द कापेलो', म्हणजे शिरोवेष्टन असलेला साप, असे नाव दिले. इंग्रजीत त्यातील शिरोवेष्टन गळून केवळ 'कोब्रा' उरला. याउलट फारसी 'दुलबंद' तुर्कीमार्गे युरोपात जाऊन 'टर्बन' झाला. 'ट्यूलिप' हे फुलाचे नावही त्याच शब्दाचे, फुलाच्या आकारावरून पडलेले, रूप होय.

'टोपी'ची व्युत्पत्ती :

'टोपी' हा शब्द पोर्तुगीज 'तोपो' (शेंडा) यावरून आला असावा, असे एक मत पूर्वी मांडले जात असे. तथापि यूल व बर्नेल यांनी आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' (1886) या कोशात ते ग्राह्य मानलेले नाही. शिरस्त्राणवाचक 'टोप' हा शब्द येथे आहेच. शिवाय युरोपीयांना येथील लोक टोपीवाले म्हणत. मराठीतील कानटोपी, टोपरे, टोपण हे शब्दही या कुळाचे येथील विस्तृत अस्तित्व दर्शवितात. पोर्तुगीज अमलाखालील मिश्रवंशीय ख्रिस्ती सैनिकांना लावला जाणारा 'टोपाझ' हा शब्द मात्र वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो 'टोपी'वरून, तर काही 'दुभाषी'वरून आल्याचे मानतात.

राजनीतीतील 'टोपीकर' :

1715 मधील रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस इत्यादींना मिळून 'टोपीकर' ही एकच संज्ञा योजलेली आहे. हे लोक इतर सावकारांसारखे केवळ व्यापारी नसून त्यांच्यामागे राज्यसत्ता आहे, त्यांचे बळ आरमार व तोफा-दारूगोळ्यात आहे, म्हणून वखारीसाठी त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असा इशारा तेथे दिला आहे. भिन्न भाषा व परस्परवैर असलेल्या या राष्ट्रांना एका नावाखाली आणण्यास टोपी हे दृश्य चिन्ह पुरेसे ठरले. येथील प्रतिष्ठितांचे शिरोवेष्टन गुंडाळलेल्या वस्त्राचे होते. कडा असलेली हॅट त्यामुळेच वेगळी उठून दिसे. 'टोपीकर' ही संज्ञा म्हणजे थट्टा नसून एक राजकीय वर्गीकरण होते, असे म्हणावे लागते.

अर्थाची उलटापालट :

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती, 1857) 'टोपीकर' म्हणजे युरोपीय हाच अर्थ आहे. परंतु 1920 च्या असहकार आंदोलनापासून खादीची पांढरी टोपी काँग्रेस कार्यकर्त्याची खूण झाली. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे जंगल सत्याग्रह झाला, तोपर्यंत 'गांधी टोपी' हा शब्दप्रयोग सरकारविरोधाचा पर्याय बनला होता. सुमारे दोन शतकांच्या अंतराने चिन्हाचे नाव तेच राहिले, बाजू मात्र बदलली. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावात 'टोपीवाला' हा शब्द तर टोप्यांच्या व्यापारावरून आला आहे.

वाक्प्रचारांत हा शब्द नीतीच्या क्षेत्रात शिरतो. 'त्याने टोपी घातली' आणि 'त्याने मला टोपी घातली' या दोन वाक्यांत केवळ 'मला' या पदाचा फरक आहे. पण पहिल्यात वेश आहे, दुसऱ्यात फसवणूक. 'टोपी फिरवणे' म्हणजे पक्ष किंवा शब्द बदलणे. जे वस्त्र निष्ठेची खूण मानले जाते, तेच निष्ठाभंगाचेही माप ठरावे, हे स्वाभाविक होय.

निष्कर्ष :

कोशात शब्दाचे अर्थ एकाखाली एक येतात. इतिहासात ते एकामागून एक येतात. हा भेद न पाळल्यास 'आज्ञापत्रा'तील 'टोपीकर' वाचताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आपल्याच गावातील पांढरी टोपी उभी राहते आणि इशाऱ्याचा रोखच चुकतो. म्हणून ऐतिहासिक साधनांचे अध्यापन करताना परिचित वाटणाऱ्या शब्दाचाही काळ प्रथम निश्चित करणे अगत्याचे आहे. अपरिचित शब्दासाठी वाचक कोश उघडतो. परिचित शब्द त्याला न कळत चकवतो.